ऑनलाइन घर विकायला टाकताय? आधी टेप घेऊन घरात उभे राहा

नागपुरात नरेंद्रनगरचा एक २ बीएचके आम्ही विकायला टाकला होता. जाहिरातीत मजला लिहिला "दुसरा", कारण मालक काका फोनवर तेच म्हणाले आणि मी तेच टाईप केलं. पुण्याहून एक मुलगा आईला घेऊन बघायला आला, आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, आणि इथे आल्यावर कळलं की खाली पार्किंग, त्याच्यावर काकांचा "ग्राउंड", त्याच्यावर पहिला आणि मग दुसरा, म्हणजे चढायला पूर्ण तीन मजले आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. मावशी पहिल्या वळणावरच थांबल्या, मुलगा एकटा वर जाऊन घर बघून आला. घर त्याला आवडलं होतं, तोंडावर दिसत होतं, पण घेणार कसं? जाताना मावशी मला म्हणाल्या, "बाळा, आधी सांगितलं असतं तर एवढ्या लांब आलो नसतो ना."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. तेव्हापासून मी एक नियम पाळते, जाहिरात फोनवर ऐकून भरायची नाही, त्या घरात उभं राहून भरायची. माझ्या मोठ्या भावाचं नागपुरात रिसेलच्या घरांचं छोटं ऑफिस आहे, फोटो, लिखाण, पोर्टलवर टाकणं, येणारे फोन घेणं हे सगळं माझ्याकडे असतं. खाली जे लिहिते आहे ते मी रोज करते तेच आहे, आणि स्वतःचं घर स्वतः विकणाऱ्या माणसालाही हे सगळं जमतं, त्यासाठी कुठला कोर्स लागत नाही, एक दिवस लागतो आणि थोडा पेशन्स.

आधी कागद, मग कॅमेरा

सगळे उलटं करतात. फोटो आधी काढतात, जाहिरात टाकतात, फोन यायला लागले की मग कपाटातून फाइल शोधतात. पण जाहिरातीतल्या अर्ध्या गोष्टी कागदावरून भरायच्या असतात, म्हणून फाइल आधी काढा.

फ्लॅट असेल तर विक्रीपत्र, सूची क्रमांक २ म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात तो नोंदणीचा उतारा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, चालू वर्षाची घरटॅक्सची पावती, विजेचं बिल आणि मेंटेनन्सची शेवटची पावती. आपल्या इकडे बऱ्याच बिल्डिंगमध्ये मुंबईसारखी सोसायटी नसते, अपार्टमेंट ॲक्टखाली डीड ऑफ डिक्लेरेशन झालेलं असतं आणि प्रत्येक फ्लॅटला जमिनीतला अविभक्त हिस्सा लिहिलेला असतो, तो किती टक्के आहे हे विक्रीपत्रात बघून ठेवा, जाणता माणूस हमखास विचारतो. बाहेरगावचा खरेदीदार "सोसायटीची एनओसी आहे का" असं विचारेल तर गोंधळून जाऊ नका, आपल्याकडे कशी पद्धत आहे ते त्याला नीट सांगा.

प्लॉट किंवा स्वतंत्र घर असेल तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा, जे लागू असेल ते. आणि नागपुरात सगळ्यात पहिला प्रश्न येतो तो आरएलचा, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्राचा. गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या लेआउटमधला प्लॉट असेल आणि नासुप्रकडून (नागपूर सुधार प्रन्यास) नियमित झाला असेल तर जाहिरातीत पहिल्या दोन ओळींतच "आरएल आहे" असं लिहा. आता इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगते, डिमांड (नियमित करायला नासुप्रने मागितलेले पैसे) भरला म्हणजे आरएल झालं असं नाही, डिमांड भरला असेल तर "डिमांड भरलेला आहे, आरएल यायचं आहे" एवढंच लिहा. खूप लोक इथे गोल गोल लिहितात आणि बँकेत लोनची फाइल गेली की सगळं बाहेर येतं, तोपर्यंत समोरच्याने टोकन दिलेलं असतं आणि मग भांडणं. तसंच जमीन फ्रीहोल्ड आहे की लीजची हे पण लिहा. धरमपेठ, सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी या जुन्या भागात नझूलच्या (म्हणजे सरकारी) किंवा नासुप्रच्या लीजच्या जागा भरपूर आहेत, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण विकताना परवानगी, ट्रान्सफर फी, लागणारा वेळ हे सगळं बदलतं, म्हणून समोरच्याला पहिल्या दिवशी माहीत असलेलं बरं.

घरावर लोन चालू असेल तर ते पण लिहायचं. लोक लाजतात, काऊन लाजतात मला कळत नाही, लोन असलेली घरं रोज विकली जातात.

महारेरा, म्हणजे महाराष्ट्रात घरांच्या प्रोजेक्टची आणि एजंटची नोंदणी करणारं प्राधिकरण, त्याबद्दल थोडंसं. तुम्ही मालक म्हणून आपलं जुनं राहतं घर विकत असाल तर नोंदणी वगैरे लागत नाही. पण नोंदणी असलेल्या नव्या प्रोजेक्टमधला बिल्डरचा फ्लॅट असेल तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक पाहिजेच आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात क्यूआर कोड पण छापावा लागतो. एजंट अशा प्रोजेक्टची जाहिरात करत असेल तर त्याचाही नोंदणी क्रमांक हवा. व्हाट्सॲपवर फिरवायचा जेपीजी असला तरी ती जाहिरातच आहे.

टेप काढा, आठवणीवर जाऊ नका

सगळ्यात जास्त भांडणं एरियावरून होतात. मालकाच्या डोक्यात जो आकडा असतो तो वीस वर्षांपूर्वी बिल्डरने सांगितलेला सुपर बिल्टअपचा, म्हणजे बाहेरच्या भिंती आणि जिना-लॉबीचा वाटा धरलेला असतो, आणि पोर्टलच्या फॉर्ममध्ये कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप असे वेगळे रकाने असतात, आणि घाईत तो आकडा कार्पेटच्या रकान्यात जातो. माझ्याच हातून एकदा ११५० असं कार्पेटमध्ये गेलं होतं. बघायला आलेल्या गृहस्थांनी खिशातून टेप काढला, खोल्या मोजल्या, बेरीज ७८० च्या आसपास आली, आणि मग त्यांनी बाकीचं घर बघितलंच नाही. मी खरं कारण सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसला नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता.

रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्या दिलेली आहे: वापरता येणारा आतला एरिया, आतल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, ओपन टेरेस सोडून. म्हणजे तुम्ही टेपने भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं तर आकडा कायद्याच्या कार्पेटपेक्षा थोडा कमी येईल, कारण आतल्या भिंतींची जाडी त्यात धरली जात नाही. एवढा फरक चालतो. कागदावरचा आकडा फॉर्ममध्ये टाका, आणि मोजलेले खोल्यांचे साइज खालच्या वर्णनात वेगळे लिहा. "मास्टर बेडरूम १२ बाय ११, त्यात वॉर्डरोबची जागा धरलेली नाही" असं. कागद चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणायचं, मनाने १० ने गुणलं तर ७० चौरस मीटरच्या घरात ५० फुटांच्या वर फरक पडतो.

मोजताना या गोष्टी पण मोजा ज्या कोणी मोजत नाही: मेन दाराची रुंदी (जुना सोफा आत जातो का हे लोक खरंच विचारतात), फ्रिजच्या कोपऱ्याची रुंदी, वॉशिंग मशीनची जागा आणि तिथे नळ-प्लग आहे का, पार्किंगची लांबी-रुंदी. पार्किंगवर मी फार भर देते. "कव्हर्ड पार्किंग" लिहिलं आणि प्रत्यक्षात दोन खांबांच्या मध्ये हॅचबॅक कशीबशी बसते असं असेल तर मोठी गाडी असलेला माणूस चिडणारच. नंबर पडलेली पार्किंग आहे का, की जो आधी येईल त्याची, की मागे दुसऱ्याची गाडी लागली की चावी मागावी लागते, हे स्पष्ट लिहा.

आणि मजला. माझ्यासाठी हा दुखरा विषय आहे. नुसता नंबर लिहू नका, "खाली पार्किंग, त्यावर तिसरा मजला, एकूण चार मजले, लिफ्ट आहे" असं पूर्ण लिहा. लिफ्ट पार्किंगपासून चालू होते की अर्धा जिना चढून मग, ते पण. जनरेटर बॅकअप आहे का तेही बघून घ्या.

फोटोच्या आदल्या दिवशी

घर सजवा असं मी म्हणणार नाही. रिकामं करा असं म्हणेन. फ्रिजवरचे मॅग्नेट, बेसिनवरचे ब्रश, ओट्यावरचे डबे, दारामागे लटकलेले कपडे, बाल्कनीतली वाळत घातलेली चादर, औषधांचा डबा, सोफ्यावरची चार्जरची गुंडाळी, हे सगळं एका खोलीत ढकला आणि त्या खोलीचा फोटो सगळ्यात शेवटी काढा. देवघर असू द्या, स्वच्छ देवघर लोकांना आवडतं आणि देवघराची दिशा कुठे आहे ते पण दिसतं.

ज्या वस्तू सुरक्षिततेसाठी काढायच्या त्या वेगळ्या. दारावरची नावाची पाटी, भिंतीवरचे मुलांचे शाळेचे सर्टिफिकेट आणि फोटो, कॅलेंडरवर लिहिलेले नंबर, तिजोरी, चाव्यांचा बोर्ड, गाडीची नंबर प्लेट. हे फोटो अनोळखी माणसं झूम करून बघतात हे लक्षात ठेवा.

मग ट्यूबलाइट. बंद पडलेली, फडफडणारी बदला, आणि एका खोलीत एक पिवळा एक पांढरा बल्ब असेल तर दोन्ही सारखे करा, नाहीतर फोटोत भिंत अर्धी पिवळी अर्धी निळी येते आणि लोकांना वाटतं ओल आली आहे.

आता नागपूरची खास गोष्ट, कूलर. मार्चच्या शेवटापासून खिडकीत कूलर बसतो आणि खोलीतला अर्धा उजेड जातो. त्या काळात काढलेले फोटो अंधारे आणि कोंदट दिसतात, खस लावलेली ती हिरवट पेटी खिडकीभर. जमलं तर फोटो कूलर लागायच्या आधी काढून ठेवा, फेब्रुवारीत, आणि उन्हाळ्यातच काढायचे असतील तर निदान एका दिवसासाठी हॉल आणि मास्टर बेडरूमचा कूलर बाजूला करा. पण कूलर बसवायची सोय आहे, स्टँड आहे, बाहेरून पाण्याची लाइन दिली आहे, हे वर्णनात जरूर लिहा, कारण इथे पारा ४५ च्या वर जातो आणि इथलाच माणूस घर घेणार असेल तर तो हे बघतोच. पश्चिमेची भिंत कुठल्या खोलीला आहे, टॉप फ्लोअर असेल तर छताला वॉटरप्रूफिंग किंवा पांढरा थर दिलाय का, ही माहिती मे महिन्यात सोन्यासारखी आहे आणि जवळजवळ कोणीच देत नाही.

फोटो

महागडा कॅमेरा नको, बरा फोन पुरे. लेन्स मऊ कापडाने पुसा, हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी कोणीतरी विसरतं, बोटाचा तेलकट ठसा असला की सगळ्या खिडक्या धुरकट येतात. फोन आडवा धरा, छातीच्या उंचीवर, साधारण चार फुटांवर, आणि सरळ. वाकडा धरला तर भिंती पडल्यासारख्या दिसतात. सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा आणि दाराची चौकट त्या उभ्या रेषेला जुळवा. खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून समोरच्या कोपऱ्याकडे काढा, दोन भिंती आणि थोडी फरशी दिसली पाहिजे.

०.५ वाला वाइड मोड सांभाळून वापरा. बाथरूम, छोटं किचन, जिथे मागे सरकायला जागा नाही तिथे एखादा ठीक आहे. पण हॉल त्याने काढला की १० बाय १४ ची खोली लग्नाच्या हॉलसारखी दिसते, आणि माणूस आल्यावर दारातच त्याचा चेहरा पडतो. तो पडलेला चेहरा मी खूप वेळा बघितला आहे, त्यानंतर किंमतीची चर्चा तुमच्या बाजूने कधीच होत नाही.

वेळ बघा. पूर्वेच्या खोल्या सकाळी ८ ते १० मध्ये, पश्चिमेच्या दुपारी ४ नंतर. खिडकीतून थेट ऊन कॅमेऱ्यात येत असेल तर पडदा अर्धा ओढा आणि एचडीआर चालू ठेवा. फिल्टर नको, आकाश निळं करणारे ॲप नको.

किती काढायचे? १५ ते २० पुरेत, पण क्रम महत्त्वाचा: आपण दारातून आत येतो त्या क्रमाने. हॉल, बाल्कनी, किचन, किचनची युटिलिटी, बेडरूम एक, त्याचं बाथरूम, बेडरूम दोन, मग जिना-लिफ्ट, पार्किंग, बिल्डिंग समोरून, समोरचा रस्ता. क्रम तुटला की बघणाऱ्याच्या डोक्यात घराचा नकाशा तयार होत नाही आणि तो पुढे सरकतो. पहिला फोटो मात्र सगळ्यात उजेडाचा हवा, मग तो बाल्कनीचा असला तरी चालेल, कारण मोबाइलवर यादीत तोच छोटासा दिसतो, दोन बोटांएवढा, त्या साइजमध्ये तो कसा दिसतो हे स्वतःच्या फोनवर बघा.

समोरच्या रस्त्याचा फोटो न टाकणारे लोक खूप. रस्ता सिमेंटचा आहे का, किती रुंद आहे, नाला जवळ आहे का, हे बघणाऱ्याला हवंच असतं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, त्यानंतर त्या पट्ट्यातल्या प्रत्येक घराला हा प्रश्न येतो, "पाणी आलं होतं का?" आलं असेल तर किती फूट आलं, त्यानंतर काय काम केलं ते लिहा. नसेल आलं तर तेही लिहा. गप्प बसलात तर समोरचा आलंच असणार असं धरतो.

ओल, तडा, जुना फरशीचा तुकडा असेल तर त्याचा पण एक फोटो टाका. भावाचा आणि माझा यावर वाद झाला होता, तो म्हणाला स्वतःच्या पायावर धोंडा काऊन मारून घेऊन राहिली तू. मानेवाड्याच्या एका घराला मी तरीही बाथरूमच्या मागच्या भिंतीच्या ओलीचा फोटो टाकला, खाली लिहिलं की वरच्या मजल्याचा पाइप बदलला आहे, भिंत सुकली की रंग देऊ. फोन कमी आले, पण जे आले ते घर बघून आलेल्या माणसासारखे बोलले, आणि तिसऱ्या माणसाने घेतलं.

व्हिडिओ एक-दीड मिनिटाचा, मेन दारापासून सुरू करून हळू चालत, बोलत. गाणं लावू नका. मागे रस्त्याचा आवाज येतो तो येऊ द्या, बाहेर राहणारा माणूस त्यावरूनच रस्ता किती वर्दळीचा आहे ते ओळखतो.

लिहायचं कसं

"लक्झुरियस", "ड्रीम होम", "प्राइम लोकेशन" हे शब्द वाचून कोणाला काहीच कळत नाही, त्या जागेवर एक खरी माहिती बसते. पहिली ओळ अशी: किती बीएचके, कार्पेट किती, कुठला लेआउट, कितवा मजला, लिफ्ट, पार्किंग, किंमत. बास. मग दिशा, बिल्डिंगचं वय, पाणी, मेंटेनन्स महिन्याला किती, ताबा कधी.

पाण्यावर दोन ओळी खर्च करा. मनपाचं नळाचं पाणी आहे का, किती वेळ येतं, बोअर आहे का, उन्हाळ्यात आटतं का, टँकर लागतो का. बेसा, पिपळा, बेलतरोडीकडच्या घरांना हा प्रश्न हमखास येतो. मे महिन्यात टँकरचे किती पैसे जातात हा आकडा मालकाला विचारा आणि लिहून टाका.

लोकेशन लिहिताना खरा भाग लिहा. बेसात घर आहे आणि "मनीषनगर" लिहिलं तर मनीषनगर शोधणारा येऊन परत जाईल, आणि जो खरंच बेसात घर शोधतोय त्याला तुमची जाहिरात दिसणारच नाही. दोन्हीकडून नुकसान. लेआउटचं नाव, जवळचा चौक, एखादी सगळ्यांना माहीत असलेली खूण असं द्या, पण घर नंबर देऊ नका, तो भेट ठरल्यावर.

"५ मिनिटांवर" हे पण सोडून द्या. कशाने पाच मिनिटं, विमानाने? मेट्रो स्टेशनचं नाव आणि पायी अंतर लिहा, "उज्ज्वलनगर स्टेशन पायी ९०० मीटर" असं, स्वतः चालून किंवा नकाशावर मोजून. सध्या ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि ॲक्वा लाइन प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर अशी आहे, दुसऱ्या टप्प्यातलं स्टेशन असेल तर "काम चालू" किंवा "प्रस्तावित" हा शब्द सोडू नका. समृद्धीजवळ लिहिणाऱ्यांनी शिवमडक्याच्या इंटरचेंजपर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये लिहा, महामार्ग शेताच्या पलीकडून जातो म्हणून त्यावर चढता येतं असं नाही.

भाषा कुठली? नागपुरात घर घेणारे छिंदवाडा, बालाघाट, शिवनीकडूनही येतात, मुलांच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी, आणि ते हिंदीत वाचतात. पुण्या-बंगलोरला किंवा बाहेर देशात असलेला नागपूरचा मुलगा आईवडिलांसाठी घर बघतो तेव्हा तो इंग्रजीत सर्च करतो. म्हणून पोर्टलवर इंग्रजी, आणि फेसबुक-व्हाट्सॲपला मराठी-हिंदी अशा दोन्ही ठेवा, पण तिन्हीकडे आकडे एकच. मी एक कागदाची शीट करते, त्यावर सगळे आकडे एकदाच लिहिते आणि सगळीकडे त्यावरूनच कॉपी करते. एकीकडे ४८ लाख आणि दुसरीकडे ५१ लाख दिसलं की लोक स्क्रीनशॉट पाठवून विचारतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

किंमत

किंमत लपवून "फोन करा" लिहू नका. फिल्टर लावणाऱ्याला किंमत नसलेली जाहिरात दिसतच नाही किंवा तो उघडतच नाही. आकडा ठरवायला शेजारच्या काकूंनी "आमचं तर इतक्याला गेलं" सांगितलेलं ऐकू नका, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर बाजारमूल्य दर बघता येतो आणि ई-सर्चमध्ये त्याच बिल्डिंगचे, त्याच लेआउटचे झालेले व्यवहार शोधता येतात. कागदावरचा आकडा आणि बाजारातला भाव यात फरक असू शकतो, पण सुरुवात तिथून करा.

एक बारीक गोष्ट. लोक बजेट गोल आकड्यात लावतात, ५० लाखांपर्यंत, ६० लाखांपर्यंत. तुमची किंमत ५०.५ लाख असेल तर ५० वाल्या सगळ्यांच्या यादीतून तुम्ही बाहेर, फक्त पन्नास हजारांसाठी. आणि शेवटी खाली येऊन ५० ला द्यायचीच तयारी असेल तर ५० च लिहा.

किंमतीत काय काय आहे ते पण लिहा: पार्किंग, मॉड्युलर किचन, एसी, इन्व्हर्टर, पंखे. पंख्यावरून झालेली भांडणं मी बघितली आहेत, चावी देताना मालकाने पंखे काढून नेले आणि रजिस्ट्रीच्या दिवशी दोन्ही कुटुंबं एकमेकांशी बोलत नव्हती.

टाकायच्या आधी आणि टाकल्यावर

पोर्टलवर नकाशाची पिन आपोआप भागाच्या मधोमध पडते, ती बोटाने ओढून खऱ्या जागेजवळ न्या. "रेडी टू मूव्ह" आणि "अंडर कन्स्ट्रक्शन" चुकीचं टिकमार्क होऊन जातं, तेही बघा. फोन नंबर टाकल्यावर तोच नंबर दुसऱ्या फोनवरून लावून बघा, एका अंकाची चूक आठवडाभर कळत नाही आणि आपण म्हणत बसतो की रिस्पॉन्सच नाही.

पोस्ट झाली की ती दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडा, स्वतःच्या नाही. आमच्याकडे मी आईला दाखवते आणि विचारते, सांग हे घर कसं आहे. ती ज्या प्रश्नावर अडते तो प्रश्न जाहिरातीत लिहायचा राहिलेला असतो. एकदा तिने विचारलं, "पोळ्या लाटायला उभी राहीन तेव्हा तोंड कुठल्या दिशेला?" आता मी ओट्याची दिशा प्रत्येक जाहिरातीत लिहिते.

वेळेचंही बघा. पितृपक्षात व्यवहार जवळजवळ ठप्प असतात, पण घरं बघणं थांबत नाही, लोक याच दिवसांत यादी काढून ठेवतात आणि दसऱ्याला टोकन देतात. म्हणून जाहिरात गणपतीच्या आसपास तयार ठेवा. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेचंही तसंच, दीड महिना आधी.

फोन येतील तेव्हा शीट समोर ठेवून बोला. विक्रीपत्र, आधार, पॅन यांचे फोटो पहिल्या फोनवर व्हाट्सॲप करू नका, कागद प्रत्यक्ष भेटीत किंवा वकिलासमोर दाखवा, कॉपी द्यावीच लागली तर त्यावर कशासाठी दिली ते आडवं लिहून द्या. आणि न बघता घर पसंत करणारा, मी फौजेत आहे, पोस्टिंग झालंय, टोकन आत्ता पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणणारा माणूस आला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे पुन्हा पुन्हा सांगा, कारण दुपारी फोन तेच उचलतात.

दर पंधरा दिवसांनी जाहिरात उघडून वाचा. मेंटेनन्स वाढला का, ताब्याची तारीख निघून गेली का, पावसाळा लागला आणि नवी ओल दिसली का. कोणी सारखा एकच प्रश्न विचारत असेल तर त्याचं उत्तर वर्णनात टाका, म्हणजे पुढचा फोन तिथून पुढे सुरू होईल.

आणि घर विकलं की त्याच दिवशी सगळीकडून काढा. पोर्टल, मार्केटप्लेस, ग्रुपवरचे मेसेज, व्हाट्सॲप स्टेटस, सगळं, कुठे कुठे टाकलं ते शीटच्या मागे लिहून ठेवलेलं असलं की दहा मिनिटांत होतं. प्रतापनगरचं एक घर आम्ही विकलं आणि एका ठिकाणची जाहिरात राहून गेली, सहा महिन्यांनी एक जोडपं थेट दारात उभं, आत नव्या मालकांच्या मुलीचं डोहाळेजेवण चालू. त्यांनी पाहुण्यांना बसवलं, जेवायला घातलं, आणि रात्री मला फोन केला, "ताई, ती जाहिरात तेवढी काढून टाका."